‘पिशवीला सूज आहे, काढून टाका’: यापलीकडे कोणते मार्ग आहेत?

प्रश्न: माझे वय ३७ आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मला आठ वर्षांची एक मुलगी आहे, ती सिझेरियनने झाली. गेल्या चार वर्षांपासून पाळीत खूप रक्तस्राव होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लिंबाएवढ्या गुठळ्या पडतात आणि कंबर व ओटीपोट इतके दुखते की वर्गात उभे राहवत नाही. त्या दोन दिवसांत मी फळ्यावर काहीच लिहीत नाही, कारण मुलांकडे पाठ फिरवायची भीती वाटते. हिमोग्लोबिन ८.४ आले आहे. सोनोग्राफीत ‘ॲडेनोमायोसिस, गर्भाशय दहा आठवड्यांच्या गर्भाएवढे’ असे लिहिले आहे. तालुक्याच्या डॉक्टरांनी ‘पिशवीला सूज आहे, एक मूल झाले आहे, काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल’ असे सांगितले. दुसऱ्या डॉक्टरांनी मिरेना हे संप्रेरकाचे साधन गर्भाशयात बसवायला सुचवले. पुण्याच्या नणंदेने रक्तवाहिनी बंद करण्याच्या आणि ध्वनिलहरींनी गाठ जाळण्याच्या उपचारांची माहिती पाठवली. सासूबाई म्हणतात, आता पिशवीचे काम तरी काय? मी मात्र दुसऱ्या मुलाचा विचार पूर्णपणे सोडलेला नाही. पिशवी न काढता बरे वाटेल का? आणि एवढ्या मार्गांतून निवड कशी करायची?

उत्तर: तुमच्या पत्रातले फळ्याचे वाक्य मी दोनदा वाचले. चार वर्षे हे दुखणे तुम्ही अंगावर काढलेत आणि त्याही अवस्थेत वर्ग चुकवला नाहीत, हे त्यातून समजते. तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर आधी देते: होय, बहुतेक स्त्रियांना गर्भाशय न काढता पुष्कळ आराम मिळू शकतो, आणि तुमच्या वयात, दुसऱ्या मुलाचा विचार मनात असताना, काढून टाकणे हा पहिला उपाय असूच नये. मात्र ‘सर्वांत चांगला उपचार कोणता’ असा प्रश्न विचारला, तर प्रत्येक दवाखाना आपल्याकडे जो उपचार होतो त्याचेच नाव घेईल. माझ्यासाठी कोणता, आणि तो कधी, असा प्रश्न विचारलात तर उत्तर सापडते. ते शोधण्याचा क्रम पुढे सांगते.

प्रथम ‘सूज’ या शब्दाविषयी. आपल्याकडे गर्भाशय जरा मोठे दिसले की ‘पिशवीला सूज आहे’ असे सांगण्याची पद्धत पडली आहे, आणि सूज म्हटली की जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविकांच्या गोळ्यांचा कोर्स सुरू होतो. ॲडेनोमायोसिस हा जंतुसंसर्ग नाही. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी बाहेरच्या स्नायूच्या भिंतीत शिरतात, दर महिन्याला पाळीच्या वेळी भिंतीच्या आतच अस्तरासारख्या वागायला लागतात, आणि त्यांच्याभोवतीचा स्नायू जाड होत जातो. म्हणून गर्भाशय वाढते, नीट आकुंचन पावू शकत नाही, रक्त जास्त जाते आणि वेदना होतात. आधी सिझेरियन झालेल्या स्त्रियांत हा आजार अधिक आढळतो, पण म्हणून सिझेरियन करून घेण्यात तुमची काही चूक झाली, असे मुळीच नाही.

फायब्रॉइडची, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूत वाढणारी साधी गाठ आणि हा आजार यांतला फरक लक्षात घेतला की पुढचे सगळे सोपे होते. शस्त्रक्रियेत फायब्रॉइडवर छेद घेतला की ती गाठ सुक्या नारळाचा गोटा करवंटीतून सुटावा तशी अखंड सुटून येते, कारण तिला स्वतःची सीमा असते. ॲडेनोमायोसिसला अशी सीमा नसते. मळलेल्या कणकेत तेल मुरावे तसा तो भिंतीत मुरलेला असतो; आजार कुठे संपतो आणि निरोगी स्नायू कुठे सुरू होतो हे हाताला नीट लागत नाही. म्हणूनच ‘पिशवी ठेवून नुसता आजार काढून टाका’ हे म्हणणे फायब्रॉइडच्या बाबतीत जितके सोपे, तितकेच इथे अवघड ठरते, आणि म्हणूनच इथे औषधांना पहिला मान आहे.

कॅन्सरची भीती तुमच्या मनातून काढून टाकावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. ॲडेनोमायोसिस हा साधा, कर्करोग नसलेला आजार आहे आणि त्यातून कर्करोग होणे अतिशय दुर्मिळ आहे. चाळिशीनंतर अनियमित रक्तस्राव होत असेल, वजन फार असेल किंवा औषधांनी रक्तस्राव थांबत नसेल, तर अस्तराचा लहानसा तुकडा तपासून घेणे योग्यच. पण ती तपासणी न करता केवळ भीतीपोटी गर्भाशय काढणे योग्य नाही. हे मी आवर्जून लिहिते, कारण या एका वाक्याने महाराष्ट्रात किती स्त्रियांची गर्भाशये गेली हे आपण पाहिले आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न पुढे आला, तेव्हा शासनाने केलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी अमलात आणावीत असे सांगितले. तुमचे डॉक्टर वाईट हेतूने बोलले असे मी म्हणत नाही; पण ‘कॅन्सर होईल’ हे कारण तुमच्या बाबतीत टिकणारे नाही.

आता क्रमाने पाहू. सर्वांत आधी रक्त. ८.४ हिमोग्लोबिनवर तुम्ही वर्गात उभ्या राहता, जिने चढता आणि घरही सांभाळता, हे शरीरावर फार ओझे आहे. उपचार कोणताही ठरो, लोह आजपासून सुरू झाले पाहिजे. गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नये. लिंबूपाण्याबरोबर घेतलेली चांगली. गोळ्या पोटाला सोसत नसतील, किंवा दर महिन्याला जाणारे रक्त गोळ्यांनी भरून निघत नसेल, तर शिरेतून लोह देता येते. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजसारख्या औषधाने एका बैठकीत मोठी मात्रा देता येते आणि काही आठवड्यांत फरक दिसतो. त्याच वेळी थायरॉइडची तपासणी करावी, आणि पहिल्या पाळीपासूनच रक्त जास्त जात असेल, तर रक्त गोठण्याच्या दोषाचीही. रक्तस्रावाच्या दिवसांपुरते ट्रॅनेक्झामिक ॲसिड घेतले तर रक्तस्राव तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत कमी होऊ शकतो. मात्र पूर्वी कधी रक्तवाहिनीत गुठळी झाली असेल तर ते घेऊ नये. दुखण्यासाठी मेफेनामिक ॲसिडसारखी गोळी वेदना शिगेला पोहोचल्यावर नव्हे, तर पाळी सुरू होताच जेवणानंतर घ्यावी. या दोन्ही गोळ्या आजार कमी करत नाहीत, पण पुढचा निर्णय घाईत न घेता विचारपूर्वक घेण्याइतकी सवड देतात.

त्यानंतर स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. मूल हवे आहे का, आणि हवे असल्यास ते येत्या वर्षभरात की पुढे कधीतरी? अधिक त्रास रक्ताचा आहे की वेदनेचा? आणि आजार भिंतभर पसरलेला आहे की एका जागी गोळा झालेला आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तुमच्याजवळ आहेत. तिसऱ्याचे उत्तर योनिमार्गे केलेली नीट सोनोग्राफी देते आणि शंका राहिली तर एमआरआय देते. औषधे किंवा मिरेना सुरू करण्यासाठी एमआरआय लागतोच असे नाही. पण रक्तवाहिनी बंद करणे, ध्वनिलहरींनी जाळणे किंवा शस्त्रक्रिया यांपैकी काही करायचे असेल, तर एमआरआयशिवाय पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मूल लगेच नको असेल, किंवा निर्णयाला थोडा वेळ हवा असेल, तर तुमच्यासारख्या स्त्रीला मी प्रथम मिरेनाच सुचवेन. ही इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची, सुमारे ३२ मिलिमीटरची मऊ वस्तू आहे. तिच्यात ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक असते आणि सुरुवातीला रोज साधारण २० मायक्रोग्रॅम इतकेच गर्भाशयात सोडले जाते. हिची गल्लत तांबीशी करू नका. दोन्ही दिसायला सारख्या असल्या तरी तांबीने पाळीचा रक्तस्राव वाढतो आणि हिने तो कमी होतो. १९९० साली फिनलंडमध्ये ही प्रथम बाजारात आली, आणि आता याच संप्रेरकाची भारतीय बनावटीची साधनेही मिळतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तुर्कस्तानातील एका अभ्यासात ॲडेनोमायोसिसच्या काही रुग्णांना मिरेना बसवली आणि काहींचे गर्भाशय काढले. वर्षभरानंतर दोन्ही गटांत हिमोग्लोबिन सारखेच सुधारलेले आढळले. पोटावर छेद न घेता, दवाखान्यात काही मिनिटांत होणाऱ्या उपायाने हे साधते, म्हणून मी तिला एवढे वजन देते.

पण मिरेनाबद्दल दोन गोष्टी आधीच सांगितल्या जात नाहीत आणि मग बायका तिसऱ्या महिन्यात ती काढून टाकतात. पहिली गोष्ट अशी की सुरुवातीचे तीन ते सहा महिने थोडे थोडे डाग अधूनमधून लागतच राहतात. ते अपयशाचे लक्षण नाही, अस्तर पातळ होण्याची ती वाट आहे. दुसरी गोष्ट अशी की गर्भाशय फार मोठे असेल किंवा आतली पोकळी लांब असेल, तर मिरेना आपोआप बाहेर पडण्याची शक्यता वाढते. दहा आठवड्यांएवढे गर्भाशय तिला वर्ज्य नाही, पण पोकळीची लांबी मोजूनच ती बसवावी आणि महिन्याभराने सोनोग्राफीत तिची जागा पाहावी. काही तज्ज्ञ आधी दोन-तीन महिने इंजेक्शनांनी गर्भाशय लहान करून मग मिरेना बसवतात; तुमच्या बाबतीत ते गरजेचे आहे का, हे विचारून घ्या. सिझेरियनच्या व्रणामुळे ती बसवता येत नाही असे नाही, मात्र अनुभवी हातांनी बसवावी. आणि ती काढली की गर्भधारणेची क्षमता परत येते, हा तुमच्या दृष्टीने तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

शरीरात काही बसवून घेणे मनाला पटत नसेल, तर डायनोजेस्ट ही गोळी आहे, रोज २ मिलिग्रॅम, ठरावीक वेळी. वेदना हा मुख्य त्रास असलेल्यांना तिचा चांगला उपयोग होतो. मात्र तिच्यानेही पहिले काही महिने अनियमित रक्तस्राव होऊ शकतो, आणि ज्यांना आधीच रक्ताची कमतरता आहे व गर्भाशय मोठे आहे त्यांच्यात तो कधीकधी इतका होतो की गोळी थांबवावी लागते; म्हणून तुमचे हिमोग्लोबिन वर आल्याशिवाय तिच्यावर विसंबून राहू नये. काहींना उदास वाटते. तसे झाल्यास डॉक्टरांना लगेच सांगा.

दर महिन्याला घेण्याची ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शने काही काळ पाळीच थांबवतात. गर्भाशय लहान होते, रक्त भरून निघते, दुखणे थांबते. पण अंगातून वाफा येतात, झोप उडते, हाडे विरळ होऊ लागतात, आणि औषध बंद केल्यावर काही महिन्यांत सगळे परत येते. त्यामुळे एरवी सहा महिन्यांपलीकडे ती देत नाहीत. माझ्या मते हा मुक्कामाचा उपाय नाही, पुढच्या टप्प्यापर्यंत नेणारा पूल आहे: मिरेनाच्या आधी, शस्त्रक्रियेच्या आधी, किंवा आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात, गोठवलेला भ्रूण सोडण्याच्या आधी.

आता नणंदेने पाठवलेल्या दोन उपचारांकडे येते. त्या चांगल्या मनाने पाठवलेल्या माहितीत चूक नाही, पण तुमच्या परिस्थितीशी तिची सांगड घालायला हवी.

गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या बंद करण्याच्या उपचाराला एम्बोलायझेशन म्हणतात. तो स्त्रीरोगतज्ज्ञ नव्हे, तर इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंच्या धमन्यांपर्यंत नेतात आणि तिथे वाळूच्या कणांसारखे सूक्ष्म कण सोडून आजारी भागाचा रक्तपुरवठा तोडतात. पूर्ण भूल लागत नाही. पहिला दिवस मात्र बराच दुखतो आणि वेदनाशामकांची नीट व्यवस्था असलेल्या रुग्णालयातच हा उपचार करावा. एक-दोन दिवसांत घरी जाता येते. फायब्रॉइडसाठी ही पद्धत १९९५ साली पॅरिसमधील डॉक्टरांनी मांडली आणि पुढे ती ॲडेनोमायोसिससाठीही वापरली जाऊ लागली. ब्रिटनच्या नाइस या, उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या संस्थेने २०१३ साली नोंदवले की हा उपचार अल्पकाळात लक्षणे कमी करतो आणि काही स्त्रियांत तो आराम दीर्घकाळ टिकतो. प्रकाशित अनुभव एकत्र पाहिले तर दहापैकी साधारण आठ स्त्रियांना फरक पडतो. उरलेल्यांपैकी काहींना पुढे गर्भाशय काढावेच लागते. भिंतभर पसरलेल्या आजारात, मुले झालेल्या आणि आणखी मूल नको असलेल्या, औषधांना न जुमानणाऱ्या स्त्रीसाठी हा फार चांगला मार्ग आहे, आणि आपल्याकडे तो पुरेसा सांगितला जात नाही याची मला खंत वाटते. पण तुम्हाला मूल हवे असेल तर तो पुढे ढकला. त्यानंतर गर्भधारणा झाल्याची उदाहरणे आहेत. तरी अंडाशयाच्या आणि अस्तराच्या रक्तपुरवठ्यावर होणारा परिणाम आधी सांगता येत नाही, त्यामुळे मुलाची आस असलेल्या स्त्रीला मी तो प्रथम सुचवणार नाही.

ध्वनिलहरींचा उपचार, ज्याला हायफू म्हणतात, भिंगाने ऊन एका बिंदूवर आणून कागद जाळावा तसा चालतो. पोटावर छेद नसतो. लहरी बाहेरून आत जातात आणि एका ठरलेल्या जागी उष्णता निर्माण करून ऊती नष्ट करतात. चीनमध्ये हा मोठ्या प्रमाणावर होतो. भारतात मोजक्याच ठिकाणी उपलब्ध आहे. एका जागी गोळा झालेल्या आजारात त्याचा उपयोग अधिक. लहरींच्या वाटेत आतडे येत असेल किंवा पोटावर जुना व्रण असेल, तर भाजण्याचा धोका वाढतो, आणि तुमच्या पोटावर सिझेरियनचा व्रण आहे. त्यामुळे तुमच्यासाठी हा उपचार तूर्त मागेच ठेवावा.

बलूनने अस्तर जाळण्याचा, म्हणजे एंडोमेट्रियल ॲब्लेशनचा, पर्याय कोणी सुचवला तर तुम्ही नकार द्यावा. त्यानंतर गर्भधारणा सुरक्षित राहत नाही, आणि भिंतीत खोल मुरलेला भाग तसाच राहून पुढे दुखणे वाढू शकते.

राहिली गर्भाशय ठेवून आजारी भाग कापून काढण्याची शस्त्रक्रिया. आजार एका जागी गाठीसारखा असेल, औषधे आणि आयव्हीएफ दोन्ही अपुरे पडले असतील आणि मुलाची इच्छा ठाम असेल, तर तिचा विचार होतो. जपानमधील शल्यविशारद ओसादा यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत भिंतीचा आजारी भाग काढून उरलेले पदर एकमेकांवर चढवून शिवतात, जेणेकरून भिंत पुरेशी जाड राहील. कौशल्याचे काम आहे, आणि तरीही पुढच्या गर्भारपणात गर्भाशय फाटण्याचा धोका फायब्रॉइड काढल्यानंतरच्या धोक्यापेक्षा जास्त असतो. नंतर सहा महिने ते वर्षभर थांबावे लागते आणि बाळंतपण सिझेरियननेच होते. ३७ व्या वर्षी ते वर्षही मोलाचे आहे, हे विसरू नये.

म्हणून पतीबरोबर बसून एक गोष्ट मोकळेपणाने ठरवा: मूल हवे असेल तर वर्षभरात प्रयत्न करायचा आहे का? उत्तर ‘हो’ असेल, तर मिरेना न बसवता थेट वंध्यत्व तज्ज्ञांकडे जा. तुमची एएमएच (अंडाशयातील बीजसाठ्याचा अंदाज देणारी) तपासणी आणि पतीची वीर्य तपासणी एकदमच करून घ्या. बाईचीच तपासणी करत बसण्यात आपल्याकडे महिने वाया जातात. ॲडेनोमायोसिसमध्ये गर्भ रुजणे थोडे कठीण होते आणि गर्भपाताची शक्यता काहीशी वाढते, पण अशा अनेक स्त्रियांना निरोगी मुले झालेली आहेत. उत्तर ‘आत्ता नाही’ असेल, तर मिरेना बसवा आणि सहा महिने ते वर्षभर तिला संधी द्या. मिरेना वयाला थांबवत नाही, म्हणून ‘नंतर बघू’ याला तारीख द्या. आणि उत्तर ‘नाही, एकच मूल पुरे’ असे आले, तरीही क्रम तोच: आधी मिरेना, ती चालली नाही तर एम्बोलायझेशन. रजोनिवृत्तीनंतर हा आजार आपोआप शमतो, आणि आपल्याकडे ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी येते. म्हणजे तुम्हाला नऊ-दहा वर्षांचा पल्ला सुखाने पार करायचा आहे.

सासूबाईंना सांगताना वाद घालू नका. मूल हेच गर्भाशयाचे एकमेव काम असे त्यांच्या पिढीला शिकवले गेले. त्यांना एवढेच सांगा की ही मोठी शस्त्रक्रिया आहे, तिच्यात मूत्राशयाला इजा होण्याचा धोका असतो, सिझेरियन झालेल्या पोटात तो थोडा जास्त असतो, आणि अंडाशय ठेवले तरी रजोनिवृत्ती काहीशी लवकर येऊ शकते. गर्भाशय काढणे हा या आजारावरचा एकमेव कायमचा उपाय आहे हेही तितकेच खरे आहे. सगळे करून पाहिल्यावर तुम्ही तो निवडलात, तर त्यात कमीपणा नाही. फक्त तशी वेळ आली, तर ‘अंडाशय काढायचे नाहीत’ हे संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी स्पष्ट लिहून घ्या.

येत्या दोन पाळ्यांत एका वहीत रोज किती पॅड बदलले, किती गुठळ्या पडल्या आणि दुखणे दहापैकी किती होते, एवढे टिपून ठेवा. डॉक्टरांसमोर ‘खूप जाते’ म्हणण्यापेक्षा ते पान अधिक बोलते, आणि सहा महिन्यांनी उपचार लागू पडला की नाही हेही त्यावरूनच कळेल. मात्र सलग दोन तास तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल, चक्कर येत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर वहीची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालयात जा, मग शाळेत परीक्षा चालू असली तरीही.